डोळ्यांखाली विभूती

माझ्या डोळ्यांखाली काळे आहे, हे झरीला राहायला जाईपर्यंत मला माहीत नव्हते. देवगाव फाट्यावर आमचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, एक भट्टी, आणि मागच्या बाजूला आई, अप्पा आणि मी राहायचो ती खोली. आरसा होता तो पुढे, गल्ल्याच्या वर. एसटी थांबली की उतारू त्यात बघून भांग पाडायचे, तोंडावरची धूळ पुसायचे. मला त्यात बघायला बाकड्यावर चढावे लागे, आणि बाकड्यावर चढले की अप्पा ओरडायचे. शिवाय आईच्या डोळ्यांखालीही तसेच होते. आईला नाक होते, कपाळावर गोंदण होते, तसे डोळ्यांखाली काळेही होते. त्याला वेगळे काही नाव असेल असे माझ्या डोक्यातच आले नाही. आई भट्टीपाशी बसून भजी तळायची आणि खोकायची. भट्टीच्या धुराने कोण खोकत नाही? गिऱ्हाईकसुद्धा खोकायचे. आम्ही सगळे त्या धुरावर विसंबून राहिलो, ते एक दिवस तिच्या पदराला लाल दिसेपर्यंत.

मग अप्पा तिला घेऊन टीबीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तो लांब होता, आगगाडीने जावे लागे, आणि तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत असे मला सांगितले गेले. अप्पांनी हॉटेल सांभाळायचे की मला, हा प्रश्न होता. तो सोडवायला मला झरीला काकांकडे पोचवण्यात आले. काका अप्पांचे थोरले भाऊ. त्यांचे गावात किराणा दुकान होते आणि दुकानामागेच घर. घरात काकू आणि माझ्या दोन चुलत बहिणी, सुमन आणि विमल. सुमन लग्नाची झाली होती, विमल माझ्याएवढी, सातवीत. अप्पांनी माझी पिशवी ओट्यावर ठेवली, गोडी शेवेचा पुडा काकूच्या हातात दिला आणि परतीची गाडी चुकेल म्हणून पाणीही न पिता निघाले. त्यांना माझ्याशी काय बोलावे ते सुचले नाही. हे त्यांना आयुष्यभर सुचले नाही, पण तो वेगळा विषय आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकूने मला पाणी दिले ते पितळेच्या फुलपात्रात. त्याच्या कमरेला लाल दोरा बांधला होता. फुलपात्राला बुडाशी एका बाजूने पोचा होता, त्यामुळे ते जमिनीवर ठेवले की डुलायचे. मला वाटले, पाहुणी म्हणून माझे भांडे सजवले आहे. मी विमलला म्हटले, "तुझ्या फुलपात्राला कामून न्हाई दोरा?" विमल आईकडे बघू लागली. काकू भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. ती म्हणाली, "ते तुझं हाय बाई. तू त्यातच प्यायचं. च्या बी त्यातच. आन् धुऊन परत त्या कोनाड्यात ठिवायचं, दुसऱ्यात मिसळायचं न्हाई." एवढे सगळे तिने शांतपणे, मायेनेच म्हटले तरी चालेल अशा आवाजात सांगितले. मला ते कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा मी फुलपात्र धुतले आणि त्या कोनाड्यात ठेवून आले.

काकूला मी वाईट म्हणणार नाही. आज माझे वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे कधीच निघून गेले आहे, आणि तिच्या जागी मी काय केले असते, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. घरात एक पोर लग्नाची, तिच्यामागे दुसरी. 'त्यांच्या घरात टीबी आहे' एवढे एक वाक्य परभणीच्या बाजारात कुणी बोलले असते, तर सुमनला बघायला कुत्रेही आले नसते. पण हे आजचे शहाणपण. तेव्हा मला एवढेच दिसत होते की जेवायला सगळे चुलीसमोर ओळीने बसतात आणि माझे ताट कणगीपाशी, दाराजवळ असते. येसर आमटीचा वास तिथेही यायचा, धपाटेही तेच मिळायचे, उलट लोण्याचा गोळा माझ्या ताटात थोडा मोठाच पडायचा. पण विमल आणि सुमन जेवताना एकमेकींच्या ताटातले शेंगदाणे पळवायच्या, खिदळायच्या, आणि काका खोटेच दरडावायचे. मी कणगीला टेकून ते बघायचे. कणगीत उंदीर कुरतडत असायचा. त्याचा आवाज फक्त मला ऐकू यायचा.

झोपायलाही मला वेगळी वाकळ आणि वेगळी भिंत. दिवसभर गावात पिठाच्या गिरणीचे इंजिन पुकपुक करायचे. संध्याकाळी ते बंद झाले की जी शांतता पडायची ती मला सहन व्हायची नाही. फाट्यावर असे कधी नसायचे. तिथे ट्रक होते, एसटीचे हॉर्न होते, आईचे खोकणे होते. मी अंथरुणावर पडून तोंडातल्या तोंडात गिरणीसारखा आवाज करायचे. पुक, पुक, पुक. विमलने एकदा ते ऐकले आणि सकाळी काकूला सांगितले की नंदा झोपेत काहीतरी करते. काकूने काकांकडे बघितले, काकांनी माझ्याकडे.

त्याच सकाळी काकूने मला ओट्यावर उजेडात उभे केले, हनुवटी धरून तोंड वर केले आणि बराच वेळ बघितले. मग तिने डोळ्यांखालची कातडी अंगठ्याने ताणली. मला वाटले डोळ्यात कचरा गेला आहे.

"बगा," ती काकांना म्हणाली. "गिरजीला बी पहिलं हितंच आल्तं. डोळ्याखाली काळं. मंग खोकला."

गिरजा म्हणजे माझी आई. आईला ते आधीपासून होते, मी तिला कधी त्याशिवाय पाहिले नव्हते, पण हे मी बोलले नाही, कारण मला तेव्हा वाटले की आधीपासून होते म्हणजे आजारही आधीपासून असणार, आणि मग माझाही. त्या दिवशी काकांच्या दाढीच्या आरशात मी पहिल्यांदा स्वतःला नीट पाहिले. दोन्ही डोळ्यांखाली जांभळट काळी चंद्रकोर. कुणीतरी काजळाचे बोट पुसून ठेवावे तशी. मला त्या पोरीची भीती वाटली.

काका मला परभणीला घेऊन गेले. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. थंडगार पाटीला छाती लावून मी श्वास धरला, आणि तो धरून ठेवला तर आत जे काही आहे ते दिसणार नाही असे वाटून डॉक्टर म्हणाले तरी सोडेना. फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पोरीला दूध द्या. काकांचा चेहरा उजळला. येताना त्यांनी मला स्टेशनजवळ जिलबी खाऊ घातली. घरी आल्यावर काकूने तो काळा कागद दाराच्या उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "ह्यात छाती दिसायली," ती म्हणाली. "डोळ्याखालचं कुठं दिसायलंय?" फुलपात्राचा दोरा तसाच राहिला. डॉक्टर एकदा बघणार, आणि शेजारीपाजारी रोज बघणार, हा तिचा हिशेब होता आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो चूक नव्हता.

मग उपचार सुरू झाले. ते काकूनेच सुरू केले, आणि अगदी मनापासून. आधी दुधाची साय आणि हळद. मग सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ, त्याने डोळे झोंबायचे. मग बटाट्याचा कीस फडक्यात बांधून डोळ्यांवर, मग काकडीच्या चकत्या, त्या विमल मागून येऊन खाऊन टाकायची आणि कानफटात खायची. नंतर भिजवलेला बदाम, मसुराचे पीठ, एरंडेल. कुणीतरी सांगितले म्हणून आठवडी बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडून गुलाबपाणी आणले. चाचा म्हणाले, "बेटी रोती होगी. पहले रोना बंद करो, फिर गुलाबजल." काकू म्हणाली, आमच्या घरात पोरी रडत नाहीत. गावातल्या कंपौंडरने लोहाची बाटली दिली. त्या औषधाने दात काळे पडले, डोळ्यांखाली जे होते ते तसेच राहिले. प्रत्येक इलाजानंतर काकू मला ओट्यावर उजेडात न्यायची, हनुवटी वर करायची, आणि तिचा चेहरा पडायचा. तो चेहरा पडला की मला स्वतःचाच राग यायचा. एवढा खर्च, एवढी खटपट, आणि माझे हे हट्टी कातडे ऐकायला तयार नाही.

परवा माझ्या नातीने, ईशाने, मला कातडीच्या डॉक्टरांकडे नेले. तिचे लग्न ठरले आहे आणि तिच्याही डोळ्यांखाली तेच आहे. सोबतीला म्हणून मी गेले, तर डॉक्टरीणबाईंनी मलाही खुर्चीत बसवले. तरुण मुलगी, गोड बोलणारी. तिने भिंगातून बघितले, डोळ्यांखालची कातडी अगदी काकूसारखीच अंगठ्याने ताणली, आणि मला एकदम ओट्यावरचा उजेड आठवला. मग ती सांगू लागली. काहींचे कातडीतल्या रंगाने असते, काहींचे आतल्या नसा दिसतात म्हणून, काहींचे खळगा पडून सावली पडते म्हणून. रंगाला मलम आणि साल काढायचे औषध, शिवाय लेसर. खळग्याला भरायचे इंजेक्शन. आणखी एक, आपलेच रक्त काढून, फिरवून, परत तिथेच टोचायचे. ईशा सगळे फोनमध्ये टिपून घेत होती. डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "आजी, तुम्ही आधी काही उपचार घेतले होते का?" मी म्हटले, "लय." ती हसली. तिला वाटले मी गंमत करते आहे.

तर काकूचे सगळे उपाय हरले तेव्हा मी स्वतःचे सुरू केले. मला रंगरूप नको होते. मला तो दोरा सुटायला हवा होता. चुलीसमोरच्या ओळीत बसायचे होते, विमलच्या ताटातले शेंगदाणे पळवायचे होते. सुमनची तोंडाला लावायच्या स्नोची डबी फडताळात होती. ती बाहेर गेली की मी बोटभर स्नो डोळ्यांखाली चोळून बघितला. काळ्यावर पांढरे बसले की निळसर राखी होते. मी पाटीवर पुसलेल्या अक्षरासारखी दिसू लागले आणि ते धुवायला धावले.

आमच्याकडे सकाळी अंघोळ झाली की लिंगपूजा, आणि कपाळाला विभूती लावल्याशिवाय कुणी ताटावर बसायचे नाही. भिंतीतल्या देवळीत विभूतीचा मोठा गोळा होता, मठपती स्वामींनी दिलेला. सगळे त्यावरच ओली बोटे घासायचे. आणि इथे एक गंमत होती. काकूने माझे फुलपात्र वेगळे केले, ताट वेगळे केले, वाकळ वेगळी केली, पण विभूतीचा गोळा वेगळा करायचे तिच्या मनातही आले नाही. विभूतीला विटाळ कसला? काकांची बोटे, काकूची, सुमनची, विमलची, आणि शेवटी माझी. घरात सगळ्यांचे हात लागतात अशी तेवढी एकच वस्तू मला मोकळी होती. मी तिथे जरा जास्तच रेंगाळायचे. विमलच्या बोटांचे ओले ठसे त्यावर असायचे, त्यातच मी माझी बोटे ठेवायचे.

एक दिवस काकू सारवून झाल्यावर ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा ओढत होती आणि मी तिला वाटी धरून देत होते. डोळ्यात घाम गेला म्हणून मी गेरूच्या हाताने तो पुसला. नंतर पाणी प्यायला आत गेले, तर आरशात एक डोळा वेगळा दिसला. गेरू लागला होता तिथले काळे दिसत नव्हते. तांबडे दिसत होते, पण काळे नव्हते. मी तिथेच उभी राहिले. मग देवळीतून बोटावर विभूती घेतली आणि त्या तांबड्यावर हलकेच फिरवली. तांबडे मंद झाले, विभूतीची पांढरी झाक मंद झाली, आणि तिथे दिसली ती नुसती कातडी, माझ्या गालाच्या रंगाची. मी दुसऱ्या डोळ्याकडे बघितले. तिथे चंद्रकोर होती. इकडे नव्हती.

मागे ईशाने मला तिच्या रंगरंगोटीच्या डब्यातली एक नारिंगी कांडी दाखवली आणि समजावून सांगितले, आजी, निळ्याजांभळ्यावर आधी नारिंगी लावायचे, मग वरून कातडीचा रंग, म्हणजे काळे झाकते, हे नवीन तंत्र आहे. मी कांडी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. म्हातारीने उगाच फुशारकी मारू नये.

पुढे मी त्यात सराईत झाले. चिमूटभर गेरू, बोटभर विभूती, आणि दोन्ही धरून राहावे म्हणून खोबरेल तेलाचा एक ठिपका. हे सगळे काकूच्या आधी उठून, देवळीसमोर बसून करायचे. घरात उजेड कमी, कपाळ तर सगळ्यांचेच विभूतीने माखलेले, थोडी खाली ओघळली असेल असे कुणालाही वाटले असते. काकू उठायची तेव्हा मी देवळीसमोर डोळे मिटून बसलेली असायचे, कारण तेल सुकेपर्यंत डोळे मिटूनच ठेवावे लागत. तिने ते रोज बघितले. तिने त्याचा काय अर्थ लावला ते मला नंतर कळले.

थोड्या दिवसांनी तिने मला पुन्हा ओट्यावर नेले. हनुवटी वर केली. या वेळी तिचा चेहरा पडला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "शिवानं ऐकलं गं पोरी तुझं," ती म्हणाली. "मी बघायली व्हते की. पहाटं पहाटं उठून त्याच्यापुढं बसायलीस. विभूतीनं गेलं बघ सगळं." आणि तिने आत जाऊन फुलपात्राचा दोरा दाताने तोडला. गाठ फार घट्ट बसली होती, नखाने सुटेना. मी सांगणार होते. तोंड उघडलेही होते. पण तिने ते फुलपात्र धुऊन बाकीच्या भांड्यांच्या ढिगात ठेवले, आणि ते कोणते होते हे शोधायला मला पोचा बघावा लागला, तेव्हा माझ्याच्याने बोलवेना.

त्या दुपारी मी ओळीत बसले. सुमन आणि विमलच्या मध्ये. विमलने माझ्या ताटातला शेंगदाणा पळवला आणि मी रडायलाच लागणार होते. पण रडता आले नाही, कारण रडले असते तर सगळे वाहून गेले असते.

हे आधी माझ्या लक्षातच आले नव्हते. दोरा सुटला, पण त्याबरोबर रडायची सोयही गेली. तोंड धुवायचे तर एकटीने. उन्हात पळायचे नाही, घाम येतो. विमलने गळ्यात पडून गालाला गाल लावला तर मान वळवायची. मी आता सगळ्यांच्या मध्ये झोपत होते, आणि कूस बदलली तर उशीला रंग लागेल म्हणून उताणी, लाकडासारखी पडून राहत होते. कणगीपाशी असताना निदान मी माझेच तोंड घेऊन बसत होते. विमल म्हणायची, "तू लय बदललीस. आधी बोलायचीस तरी." इकडे काकूने गल्लीभर सांगितले. आमच्या देवळीतल्या विभूतीने पोरीचे टीबीचे काळे गेले. बायका आपापली पोरे घेऊन येऊ लागल्या, कुणाला नायटा, कुणाला खरूज. काकू त्यांच्या कपाळाला विभूती लावायची आणि मला बाहेर बोलवून दाखवायची. मी डोळे खाली घालून उभी राहायचे. अप्पा एकदा बाजाराला आले, माझ्याकडे बघितले, म्हणाले, "बरी दिसायलीस." मग पुन्हा बघितले, जणू पिशवी उचलताना ती दुसऱ्याची वाटावी तसे. मग ते बाजाराला निघून गेले.

ज्वारीची काढणी चालू होती तेव्हा आई आली. दवाखान्याने सोडले होते. छातीचा फोटो स्वच्छ, आता कुणाला बाधत नाही, असे डॉक्टरांनी अप्पांना दोनदोनदा सांगितले होते आणि अप्पा ते ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच काकांना सांगू लागले. आई त्यांच्यामागे उभी होती. मी तिला एवढी गोरी कधी पाहिली नव्हती. भट्टी नाही, ऊन नाही, म्हणून गोरी, आणि त्या गोऱ्या तोंडावर डोळ्यांखालचे काळे आणखीच उठून दिसत होते. मला धावायचे होते. काकूने माझा दंड धरला. घट्ट नाही, हलकेच. "लांबनं," ती कानात म्हणाली. आणि आईनेही दुरूनच हात वर केला. "तिथंच बस गं नंदे. लांबच बस." तिला दवाखान्यात तशी सवय लागली असावी.

काकूने तिला ओट्याच्या टोकाला पोते अंथरून दिले आणि पाणी आणले. फुलपात्र खाली ठेवताना डुलले. त्याच्या कमरेला लाल दोरा होता, नवा. मी दाराच्या चौकटीपाशी बसले होते, आत बसलेल्या सगळ्यांच्या बाजूने. आई बाहेर एकटी होती. ते पाणी पिताना तिने दोऱ्याकडे बघितलेही नाही, एवढे तिला ते ओळखीचे झाले होते.

"बघ गिरजे," काकू म्हणाली, "तुझ्या लेकीचं तोंड बघ. तिला बी लागायलं व्हतं तुझं. डोळ्याखाली अगदी तसंच. आपल्या विभूतीनं गेलं. तू बी लाव आता, रोज."

आईने बघितले. तिला माझे तोंड नीट दिसावे म्हणून मी उजेडाकडे केले. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "चांगलं झालं, आक्का. लय चांगलं झालं." काकू चहा ठेवायला आत गेली. आई अजून बघत होती, आणि तिची नजर माझ्या तोंडावर फिरत होती, बसत नव्हती.

"तिकडं खाटंवर पडून तुझं तोंड आठवायची मी," ती म्हणाली. "आदी डोळे आठवायची. डोळे आठवले की माझी माय बी दिसायची. तिला बी असंच व्हतं, डोळ्याखाली. तिच्या मायला बी. माझी माय म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत रानात राबली, कदी शिंकली न्हाई ती." मग ती थोडी हसली. "बरी झालीस, चांगलंच झालं की. पण मला वळख लागंना बाई तुझी."

मी उठले. अंगणात रांजण होता. तांब्या बुडवला आणि तोंडावर पाणी मारले, पुन्हा मारले, पदर नव्हता म्हणून परकराने खसखसा पुसले. दगडावर तांबडे पाणी वाहून गेले. वळले तेव्हा काकू चहाचे भांडे घेऊन दारात उभी होती. विमल तिच्यामागे. शेजारची एक बाई कडेवर पोर घेऊन विभूतीसाठी आली होती, ती पण. काकूने आधी दगडावरच्या पाण्याकडे बघितले, मग माझ्याकडे. "काय केलंस गं पोरी," एवढेच ती म्हणाली, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता. तिच्या हातून काहीतरी पडले आहे आणि ते उचलता येणार नाही, तसा होता. त्या आवाजाचे मला आजही वाईट वाटते.

मी मात्र सरळ ओट्याच्या टोकाला गेले आणि आईसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. आईने माझ्या डोळ्यांखाली अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. काजळ असेल तर पुसावे तसा. ते निघाले नाही.

"आली गं माझी माय," आई म्हणाली आणि मोठ्याने हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि सगळे अंगण जागच्या जागी थांबले. काका, काकू, ती शेजारीण. नुसता ठसका होता, गेला. पण आईने तोंडावर पदर घेतला आणि ती मागे सरकली. मी तिच्या शेजारचे फुलपात्र उचलले. त्यात घोटभर पाणी उरले होते. "अगं, नगं, नगं ते," असे म्हणत तिने हात पुढे केला, पण तिच्या हातात ताकद नव्हती, आणि मी ते सगळ्यांच्या देखत पिऊन टाकले. मग मला रडू आले. खूप दिवसांचे होते, ते थांबेना. पुसायला झाकायला आता काही नव्हते, म्हणून मी मनसोक्त रडले, आणि आई माझ्या पाठीवर थापटत राहिली, फाट्यावर थापटायची तशी.

रात्री मुक्काम तिथेच होता, सकाळच्या गाडीने आम्ही तिघे फाट्याला जाणार होतो. काकूने कणगीपाशी दोन वाकळा अंथरल्या. मी आईशेजारी कुशीवर झोपले. पहाटे मी देवळीसमोर डोळे मिटून बसले नाही. तोंड धुतले, कपाळाला विभूतीची तीन बोटे ओढली, आणि आईजवळ येऊन बसले. गिरणीचे इंजिन सुरू झाले, पुकपुक. काकू चुलीजवळून उठली आणि आमचा चहा घेऊन आली. तिने आमच्याकडे बघितले नाही. दोन फुलपात्रे आमच्यासमोर ठेवली, एक सरळ उभे राहिले, पोच्याचे डुलले. दोन्हींच्या कमरेला लाल दोरा होता.